एफएफएमपेगमधून थेट ब्राउझरला व्हिडिओ: पुढे का सरकत नाही आणि आयफोनवर का चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वाचनालयाच्या व्याख्यानमालेची जुनी ध्वनिचित्रमुद्रणं तुम्ही गोळा केली आहेत. काही डीव्हीडीवरून उतरवलेल्या व्हीओबी फायली, काही कॅमकॉर्डरच्या एमटीएस, आणि अलीकडची मोबाइलवर घेतलेली. सगळं भाड्याच्या एका लहान सर्व्हरवर आहे. कुणी व्याख्यान निवडलं की पीएचपीची स्क्रिप्ट एफएफएमपेग (व्हिडिओ एका स्वरूपातून दुसऱ्यात नेणारा प्रोग्रॅम) सुरू करते आणि त्यातून बाहेर पडणारा एमपी४ जसाच्या तसा पानावरच्या व्हिडिओ टॅगकडे पाठवते. क्रोममध्ये व्हिडिओ दिसतो, पण एकूण वेळ दिसत नाही आणि पट्टी पुढे सरकवता येत नाही. आयफोनवर नुसती काळी चौकट. आठ-दहा जण एकदम आले की व्हिडिओच काय, वाचनालयाचं साधं पानसुद्धा उघडत नाही.

तुम्ही विचारलंय, एफएफएमपेगला कोणता पर्याय द्यायचा राहिलाय, आणि एचएलएस (तुकड्यातुकड्यांनी व्हिडिओ देण्याची पद्धत) लागेल का? पर्याय आहेत, ते खाली सांगतोच. पण तुमच्या बाबतीत दुखणं पर्यायात नाही, रचनेत आहे. व्हिडिओ रूपांतरित करणं आणि तो लोकांपर्यंत पोहोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं प्रोसेसर खाणारं, सावकाश चालणारं आणि एकदाच करायचं. दुसरं हलकं, पण हजारदा करायचं. तुम्ही ती दोन्ही एकाच विनंतीत कोंबली आहेत, आणि तिन्ही तक्रारी तिथूनच निघतात. व्याख्यानं बदलत नाहीत. मग तेच व्याख्यान प्रत्येक श्रोत्यासाठी नव्याने रूपांतरित करण्यात काही अर्थ नाही.

आधी एमपी४ फाइल आतून कशी असते ते पाहू, म्हणजे पट्टी का अडते ते कळेल. ही फाइल म्हणजे एकामागोमाग ठेवलेल्या पेट्या असतात. प्रत्येक पेटीच्या तोंडाशी चार बाइटमध्ये तिचा आकार आणि चार बाइटमध्ये तिचं नाव. ‘एमडॅट’ नावाच्या पेटीत प्रत्यक्ष चित्र आणि आवाज असतो. ‘मूव्ह’ नावाच्या पेटीत त्याची अनुक्रमणिका: कोणती फ्रेम कितव्या बाइटपासून सुरू होते, ती किती मोठी आहे, कधी दाखवायची, त्यातल्या की-फ्रेम (आधीच्या फ्रेमच्या आधाराशिवाय उलगडणाऱ्या) कोणत्या. ही अनुक्रमणिका हातात आल्याशिवाय प्लेअरला एकही फ्रेम उलगडता येत नाही. पुस्तकासारखंच आहे: पानं छापून झाल्याशिवाय कोणतं प्रकरण कितव्या पानावर ते लिहिता येत नाही. एफएफएमपेगचंही तसंच होतं. शेवटची फ्रेम एन्कोड होईपर्यंत, म्हणजे नव्या स्वरूपात दाबून लिहिली जाईपर्यंत, त्याला आकडे ठाऊक नसतात, म्हणून ते ‘मूव्ह’ फाइलच्या शेवटी लिहितं आणि मागे जाऊन ‘एमडॅट’चा आकार भरतं.

डिस्कवरच्या फाइलमध्ये मागे जाता येतं, पाइपमध्ये, म्हणजे एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे थेट जाणाऱ्या प्रवाहात, जाता येत नाही. एकदा बाहेर गेलेला बाइट गेला. म्हणून साधा एमपी४ पाइपमध्ये लिहायला सांगितलं तर एफएफएमपेग सरळ नकार देतं. तुमच्याकडे क्रोममध्ये निदान चित्र येतंय, त्या अर्थी कुठून तरी ‘फ्रॅग की-फ्रेम’ आणि ‘एम्प्टी मूव्ह’ हे दोन फ्लॅग तुम्ही उचललेले दिसतात. त्यांनी फाइल तुकड्यातुकड्यांत लिहिली जाते. सुरुवातीला जवळजवळ रिकामी ‘मूव्ह’, आणि मग दर की-फ्रेमला ‘मूफ’ नावाची छोटी अनुक्रमणिका व तिचा ‘एमडॅट’. चित्र लगेच सुरू होतं ते त्यामुळेच. पण सुरुवातीच्या ‘मूव्ह’मध्ये व्याख्यान किती लांबीचं आहे हे लिहिलेलंच नसतं, तर ब्राउझर एकूण वेळ दाखवणार कुठून?

पट्टी सरकण्याचा दुसरा निम्मा भाग एचटीटीपीकडे, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाच्या नियमांकडे आहे. तुम्ही पट्टी चाळिसाव्या मिनिटावर नेली की ब्राउझर अनुक्रमणिकेत पाहून ठरवतो की त्याला अमुक बाइटपासून पुढचं हवं आहे, आणि ‘रेंज’ या हेडरमध्ये तो आकडा घालून नवी विनंती करतो. सर्व्हरने तेवढाच भाग २०६ या स्थितिसंकेतासह द्यायचा असतो, सोबत ‘कंटेंट-रेंज’मध्ये कुठून कुठपर्यंत आणि एकूण किती बाइट ते सांगायचं असतं. तुमची स्क्रिप्ट हे देऊच शकत नाही. रूपांतर अजून चालू आहे, एकूण आकार तिलाच माहीत नाही. ती प्रत्येक विनंतीला २०० म्हणते आणि पहिल्या फ्रेमपासून सुरुवात करते.

क्रोम आणि फायरफॉक्स अशा उत्तरावर भागवून घेतात, सफारी घेत नाही. ती आधी फक्त पहिले दोन बाइट मागते: शून्य ते एक. सर्व्हर २०६ देऊन मोजून दोनच बाइट पाठवतो का, हे ती त्यातून तपासते. तुमच्याकडून आलं २०० आणि मागोमाग अख्खा प्रवाह. सफारीने तिथेच नाद सोडला. आयफोनवरची काळी चौकट ती हीच. त्यातून, या दोन बाइटांच्या विनंतीसाठीही तुमची स्क्रिप्ट एक पूर्ण एफएफएमपेग सुरू करते, ते निराळंच.

आता सर्व्हर का गुदमरतो ते. एन्कोडिंग प्रोसेसर खातं हे उघड आहे. दोन कोअरच्या यंत्रावर दोन-तीन एन्कोडिंग एकदम चालली की वेग प्रत्यक्ष वेळेच्या खाली जातो, म्हणजे एका सेकंदाचा व्हिडिओ तयार व्हायला सेकंदाहून जास्त लागतो, आणि सगळ्यांचंच चित्र अडखळायला लागतं. पण साधं पानही उघडत नाही याचं कारण बहुधा वेगळं आहे. पीएचपी-एफपीएममध्ये (सर्व्हरवर पीएचपी चालवणारी सेवा) एका विनंतीला एक वर्कर, म्हणजे काम करणारी एक प्रक्रिया, लागतो आणि ती विनंती संपेपर्यंत तो मोकळा होत नाही. डेबियन लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये असे जास्तीत जास्त ५ वर्कर असतात. पाच जण दीड-दीड तासाचं व्याख्यान ऐकत बसले, की सहाव्या माणसाचं मुखपृष्ठसुद्धा रांगेत. शिवाय स्क्रिप्टमध्ये लॉगिनसाठी सेशन उघडत असाल, तर पीएचपी त्या सेशनची फाइल कुलूपबंद करून ठेवतं. त्याच श्रोत्याने दुसऱ्या टॅबमध्ये ग्रंथसूची उघडली तर तीही व्हिडिओ संपेपर्यंत उघडणार नाही. कोणतीही लांब चालणारी स्क्रिप्ट असेल तर लॉगिन तपासून झाल्याबरोबर सेशन लिहून बंद करा. ही सवय व्हिडिओपलीकडेही कामाला येते.

तेव्हा माझं सांगणं हे: प्रत्येक व्याख्यान एकदाच एच.२६४ चित्र आणि एएसी आवाजाच्या एमपी४मध्ये रूपांतरित करा, ती फाइल डिस्कवर ठेवा, आणि पीएचपीला मधून काढून एनजिनएक्स या वेब सर्व्हरला ती थेट देऊ द्या. रूपांतर सर्व्हरवर करायचीही गरज नाही. घरच्या किंवा वाचनालयाच्या संगणकावर रात्री लावून द्या आणि तयार फाइल वर चढवा.

कोडेक (चित्र दाबण्याची पद्धत) एच.२६४च का? एव्ही१ आणि एच.२६५ एवढ्याच जागेत चांगलं चित्र देतात हे खरं. पण तुमचे श्रोते कोण? निवृत्त शिक्षक, जुने लॅपटॉप, मुलाने वापरून दिलेला मोबाइल. एच.२६४ त्या सगळ्यांवर चालतं, आणि बहुतेक ठिकाणी ते हार्डवेअरमध्ये उलगडलं जातं, त्यामुळे बॅटरीही कमी जाते. पिक्सेल फॉरमॅट मात्र ‘वाययूव्ही४२०पी’ आहे याची खात्री करा. मूळ फाइल १० बिटची असेल आणि फॉरमॅट सांगितला नाही, तर एफएफएमपेग १० बिटचं एच.२६४ बनवतं, आणि ते तुमच्या संगणकावरच्या व्हीएलसीत चालतं पण अनेक ब्राउझरांत आणि फोनवर चालत नाही. व्हीएलसीत चालतं म्हणून फाइल ठीक, असा निष्कर्ष कधीच काढू नका. व्हीएलसी जवळजवळ काहीही चालवतो.

तुमच्या तिन्ही प्रकारच्या फायलींना वेगवेगळी वागणूक लागेल. इथे घाई केलीत तर चित्र कायमचं बिघडलेलं राहील, म्हणून सविस्तर सांगतो.

डीव्हीडीच्या व्हीओबी फायलींत एमपेग-२ चित्र असतं. ते कोणताही ब्राउझर दाखवत नाही, म्हणजे पूर्ण एन्कोडिंग आलंच. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल पद्धतीच्या: ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि समारंभाच्या चित्रीकरणाच्या बहुतेक सगळ्या इंटरलेस्ड. इंटरलेस्ड म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक विणलेल्या असतात. जुन्या टीव्हीवर ते बरोबर दिसायचं. संगणकाच्या पडद्यावर वक्त्याने हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेषा दिसतात. एन्कोड करताना डीइंटरलेस केलं नाही तर त्या रेषा चित्रातच गोठतात, आणि नंतर त्या नीट काढता येत नाहीत. ‘बीडब्ल्यूडिफ’ फिल्टर वापरा. तो मुळात प्रत्येक फील्डची (एका क्षणाच्या ओळींची) एक फ्रेम करतो, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेम होतात. व्याख्यानाला एवढ्या लागत नाहीत. त्याला ‘सेंड फ्रेम’ सांगितलं की २५च राहतात आणि फाइलही लहान होते. नृत्याचा किंवा नाटकाचा कार्यक्रम असेल तर मात्र ५० ठेवा, हालचाल फार सुरेख दिसते.

दुसरी गोष्ट पिक्सेलच्या आकाराची. पाल डीव्हीडीचे पिक्सेल चौरस नसतात. ७२० बाय ५७६ तसंच ठेवून मधली माहिती हरवली तर ४:३ चं चित्र थोडं आक्रसतं आणि १६:९ चं तर चांगलंच. वक्ता उंच आणि बारीक दिसतो. एन्कोड करतानाच ४:३ साठी ७६८ बाय ५७६ आणि १६:९ साठी १०२४ बाय ५७६ असं मोजमाप करून पिक्सेल चौरस करून टाका. डीव्हीडी नेमकी कोणती ते एफएफएमपेगसोबत येणारं ‘एफएफप्रोब’ सांगतं. ते ७२०पी किंवा १०८०पीपर्यंत ताणू नका. नसलेला तपशील त्याने येत नाही, फाइल तेवढी फुगते.

तिसरी: डीव्हीडीवर मोठं चित्रीकरण साधारण एक-एक जीबीच्या व्हीओबीत तोडलेलं असतं. हे तुकडे स्वतंत्र व्हिडिओ नव्हेत, सलग प्रवाह फक्त कापलेला असतो. प्रत्येक तुकडा वेगळा रूपांतरित करून नंतर जोडलात तर सांध्यावर शब्द तुटतो. आधी ‘कॉन्कॅट’ प्रोटोकॉलने एकामागोमाग वाचायला लावा आणि एकाच दमात एन्कोड करा. लांब चित्रीकरणात कॅमकॉर्डरने तोडलेल्या एमटीएस फायलींनाही हेच लागू.

एमटीएसमध्ये चित्र आधीच एच.२६४ असतं, त्यामुळे चित्र तसंच ठेवून नुसतं बाहेरचं वेष्टन एमपी४चं केलं की भागेल असं वाटतं. दोन अडचणी येतात. एक, ते पुष्कळदा १०८० ओळींचं इंटरलेस्ड असतं, म्हणजे कंगवा इथेही आहेच. दोन, आवाज बहुधा डॉल्बीचा एसी-३ असतो, आणि तो सफारी वाजवते पण क्रोम-फायरफॉक्स वाजवत नाहीत. चित्र दिसतंय आणि आवाज नाही, अशी तक्रार आली की पहिला संशय यावर घ्या. १०८० वरून ७२० ओळींवर आणायचं असेल तर आधी डीइंटरलेस आणि मगच लहान करा. क्रम उलटा झाला तर दोन्ही क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि चित्र गढूळ होतं. रुंदीच्या जागी उणे दोन लिहिलंत की एफएफएमपेग प्रमाण राखून सम संख्या निवडतं. विषम रुंदी एच.२६४ला या पिक्सेल फॉरमॅटमध्ये चालत नाही.

मोबाइलच्या फायलींचं काम सगळ्यांत सोपं असू शकतं. एफएफप्रोबने एच.२६४ आणि एएसी दाखवलं तर पुन्हा एन्कोड करूच नका. ‘कॉपी’ सांगून फक्त पेट्यांचा क्रम बदला. दीड तासाची फाइलही त्याने लवकर होते, आणि गुणवत्ता तसूभरही घटत नाही. मात्र आयफोनवर २०१७ पासून ‘हाय एफिशियन्सी’ हा पर्याय आला आणि तो चालू असेल तर चित्रीकरण एच.२६५मध्ये होतं. ते एन्कोड करावं लागेल. मोबाइलच्या चित्रीकरणात फ्रेमचा वेग कमी-जास्त होत असतो, हेही लक्षात ठेवा. एन्कोड करताना तो स्थिर ३० वर आणला की पुढे संपादनात ओठ आणि आवाज यांची फारकत होत नाही.

गुणवत्तेसाठी ठरावीक बिटरेट (सेकंदाला किती बिट) देऊ नका, ‘सीआरएफ’ (एकसारख्या गुणवत्तेचा आकडा) द्या. मूळ मूल्य २३ आहे. व्याख्यानाला ते पुरतं, २१-२२ दिलंत तरी फार फरक पडत नाही. प्रीसेट, म्हणजे एन्कोडिंगचा वेग, ‘स्लो’ ठेवा. काम एकदाच करायचंय, रात्रभर लागली तरी कुणाचं अडत नाही. मागणीनुसार एन्कोड करताना ‘अल्ट्राफास्ट’ वापरावं लागतं आणि तेच चित्र दीडपट-दुप्पट जागा घेतं. आधीच करून ठेवण्याचा हा एक फायदा लोकांच्या ध्यानात येत नाही.

आवाजाकडे चित्रापेक्षा जास्त लक्ष द्या. व्याख्यान माणसं ऐकतात, पाहतात कमी. सभागृहाच्या ध्वनियंत्रणेतून एकच वायर कॅमेऱ्यात घातलेली असली तर डाव्या बाजूला स्वच्छ आवाज आणि उजवीकडे एक तर शांतता किंवा कॅमेऱ्याच्या माइकमधली पंख्याची घरघर, असं पुष्कळ मुद्रणांत असतं. सरळ मोनो केलंत तर दोन्ही मिसळून चांगला आवाज वाया जातो. हेडफोन लावून ऐका, चांगली बाजू कोणती ते ठरवा, आणि ‘पॅन’ फिल्टरने तेवढीच घेऊन मोनो करा. मोनो एएसीला ९६ केबीपीएस भरपूर झाले. मग ‘लाउडनॉर्म’ने सगळ्या व्याख्यानांची पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) आसपास आणा, म्हणजे एक व्याख्यान कुजबुजल्यासारखं आणि दुसरं कानठळ्या बसवणारं असं होणार नाही. हा फिल्टर दोन फेऱ्यांत चालवा: पहिल्या फेरीत मोजमाप, दुसरीत ते आकडे देऊन दुरुस्ती. एकाच फेरीत तो बोलण्यातल्या विरामांत मागचा गोंगाट वर उचलतो.

आणि शेवटी ‘मूव्हफ्लॅग्ज’मध्ये ‘फास्टस्टार्ट’. एन्कोडिंग संपल्यावर एफएफएमपेग फाइल पुन्हा एकदा लिहून ‘मूव्ह’ पेटी पुढे आणतं. ती किती मोठी असते याचा अंदाज घ्या. दीड तासाच्या व्याख्यानात सेकंदाला २५ प्रमाणे १,३५,००० फ्रेम होतात. प्रत्येकीचा नुसता आकार नोंदवायला चार बाइट, शिवाय वेळेच्या नोंदी, शिवाय आवाजाच्या अडीच लाखांवर नोंदी. मिळून दोन-तीन एमबी सहज होतात. ही पेटी शेवटी असेल तर ब्राउझर आधी सुरुवात मागतो, ‘एमडॅट’चा आकार वाचून उडी मारतो, शेवट मागतो, मग पुन्हा सुरुवातीला येतो. रेंज देणाऱ्या सर्व्हरवर हे चालून जातं, फक्त प्ले दाबल्यावर क्षणभर थांबावं लागतं. रेंज न देणाऱ्यावर अख्खी फाइल उतरेपर्यंत काहीच दिसत नाही.

आता वाटप. एनजिनएक्सला डिस्कवरची स्थिर फाइल दिली की रेंज, २०६, कंटेंट-रेंज हे सगळं तो स्वतःच करतो, तुम्हाला एक ओळ लिहावी लागत नाही. पीएचपीत रेंज हाताळणाऱ्या तयार स्क्रिप्ट पुष्कळ मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. बऱ्याचशा सफारीच्या शून्य ते एकच्या विनंतीवर किंवा ‘शेवटचे इतके बाइट’ अशा विनंतीवर चुकतात, आणि वर्कर अडकण्याचा प्रश्न तसाच राहतो.

सदस्यांपुरतंच मर्यादित ठेवायचं असेल तर? तेव्हाही पीएचपीने फाइल वाचून द्यायची नाही. व्हिडिओचा फोल्डर एनजिनएक्समध्ये ‘इंटर्नल’ म्हणून घोषित करा, म्हणजे बाहेरून थेट पत्ता टाकून तो उघडत नाही. पीएचपीने फक्त लॉगिन तपासायचं आणि उत्तरात ‘एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट’ हेडरमध्ये फाइलचा अंतर्गत पत्ता देऊन मोकळं व्हायचं. पुढचं सगळं एनजिनएक्स पाहतो. काही मिलिसेकंदांत वर्कर सुटतो. अपाचेवर असाल तर ‘एक्स-सेंडफाइल’ मॉड्यूल हेच काम करतं.

झालं की नाही ते ब्राउझरमध्ये पाहण्याआधी टर्मिनलवर पाहा. कर्लला (टर्मिनलवरून वेब-विनंती करणारं साधन) रेंज ०-१ मागायला सांगा आणि हेडर वाचा. २०६ आलं, कंटेंट-लेंग्थ २ आली, कंटेंट-रेंजमध्ये तिरप्या रेघेनंतर फाइलचा खरा आकार आला आणि कंटेंट-टाइप ‘व्हिडिओ/एमपी४’ असला, तर आयफोनवर चालायला हवं. २०० आलं तर मध्ये काहीतरी आडवं येतंय: पुढचा प्रॉक्सी, एखादं कॅशिंगचं प्लगिन, किंवा व्हिडिओलाही जीझिप लावणारं सेटिंग. व्हिडिओ आधीच दाबलेला असतो, त्याला जीझिप लावून फाइल लहान होत नाही आणि रेंज मात्र मोडते.

पानावर व्हिडिओ टॅगला ‘प्रीलोड’ ‘मेटाडेटा’ ठेवा, म्हणजे वेळ दिसेल पण कुणी न ऐकता डेटा जाणार नाही. ‘प्लेज-इनलाइन’ घाला, नाहीतर आयफोन व्हिडिओ लगेच पूर्ण पडदाभर करतो. पान एचटीटीपीएसवर असेल तर व्हिडिओही तिथूनच यायला हवा. मराठी उपशीर्षकं द्यायची असतील तर वेबव्हीटीटी फाइल युनिकोड यूटीएफ-८मध्येच जतन करा. जुन्या डीटीपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला तर पडद्यावर अक्षरांचा कचरा दिसतो.

एचएलएसबद्दल तुम्ही विचारलंत. ॲपलने २००९मध्ये आणलेली ही पद्धत: व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, त्यांची यादी एका मजकूर-फाइलमध्ये द्यायची, आणि वेगवेगळ्या बिटरेटच्या अशा दोन-तीन याद्या ठेवायच्या. श्रोत्याचं नेटवर्क मंदावलं की प्लेअर पुढचा तुकडा हलक्या यादीतून उचलतो. एसटीत बसून ऐकणाऱ्याला याचा फार उपयोग. पण तुम्हाला लागेल का, ते आकड्यांवर ठरवा. चित्र-आवाज मिळून सरासरी १.२ एमबीपीएस धरलं तर दीड तासाचं व्याख्यान सुमारे ८१० एमबी. पन्नास जण एकदम ऐकत असले तरी सर्व्हरमधून ६० एमबीपीएस बाहेर पडतात, आणि साधा भाड्याचा सर्व्हर ते सहज देतो. माझ्या मते आज एकच एमपी४ पुरे. ग्रामीण भागातले श्रोते वाढले आणि चित्र थांबतं अशा तक्रारी यायला लागल्या, की एचएलएसकडे वळा. त्याआधीचा स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक व्याख्यानाची नुसत्या आवाजाची फाइल शेजारी ठेवणं. दीड तासाला ९६ केबीपीएसने ती ६५ एमबी होते, आणि बरेच लोक तीच निवडतील.

एचएलएस कराल तेव्हा दोन गोष्टी सांभाळा. तुकडा की-फ्रेमवरच कापता येतो, आणि एक्स२६४ (एफएफएमपेग वापरतं तो एच.२६४ एन्कोडर) मुळात २५० फ्रेमपर्यंत की-फ्रेम न टाकता राहू शकतं. म्हणजे पालच्या हिशोबाने १० सेकंद. शिवाय दृश्य बदललं की ते मध्येच की-फ्रेम टाकतं. वेगवेगळ्या बिटरेटच्या प्रतींत की-फ्रेम एकाच क्षणी पडल्या नाहीत तर एका यादीतून दुसरीत जाताना चित्र झटका खातं. म्हणून अंतर ५० फ्रेमवर बांधून टाका, दृश्य-बदलाची ओळख बंद करा, आणि तुकडा ६ सेकंदांचा ठेवा. दुसरं, एफएफएमपेगचं एचएलएस मुळात थेट प्रक्षेपणासाठी जुळवलेलं आहे. यादीत ते फक्त शेवटचे ५ तुकडे ठेवतं. व्याख्यान शेवटच्या काही सेकंदांपासूनच सुरू होतंय असं दिसलं तर कारण हेच. यादीचा प्रकार ‘व्हीओडी’ सांगितला की सगळे तुकडे यादीत राहतात. आयफोन आणि अँड्रॉइडवरचं क्रोम ही यादी स्वतः वाचतात. डेस्कटॉपसाठी एचएलएस.जेएस ही लायब्ररी घाला, आणि तुकडे दुसऱ्या डोमेनवर असतील तर तिथे कॉर्सचं (दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला परवानगी देणारं) हेडर द्या. व्हिडिओ टॅगला जे चालून जातं ते जावास्क्रिप्टने मागवताना चालत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न, म्हणजे मागणीनुसार रूपांतर. कधीकधी ते खरंच लागतं: निगराणी कॅमेऱ्याचं थेट दृश्य, किंवा हजारो फायलींतली एखादीच कधीतरी पाहिली जाणारी. तेव्हाही पाइप थेट ब्राउझरला जोडण्याऐवजी एफएफएमपेगला एचएलएसचे तुकडे डिस्कवर लिहू द्या आणि एनजिनएक्सला ते देऊ द्या. पाइपच वापरायचा हट्ट असेल तर वर सांगितलेले दोन फ्लॅग लागतात, आणि पट्टी सरकवण्यासाठी स्वतः सोय करावी लागते. एकूण वेळ एफएफप्रोबकडून घेऊन पानावर स्वतःची पट्टी काढा, ती हलली की जुनी विनंती तोडून नव्या विनंतीत सुरुवातीचा सेकंद पाठवा, आणि तो एफएफएमपेगला ‘एसएस’मध्ये इनपुटच्या आधी द्या. इनपुटनंतर दिलात तर ते सुरुवातीपासून सगळं उलगडत तिथपर्यंत येतं. सफारीला यातलं काहीच पटणार नाही, तिच्यासाठी एचएलएसच.

पाइपच्या बाबतीत एक बिघाड असा आहे की तो शोधताना माणूस हैराण होतो. व्हिडिओ सुरुवातीला व्यवस्थित चालतो आणि काही मिनिटांनी थिजतो. प्रोसेसर मोकळा, मेमरी मोकळी, कुठे त्रुटीचा संदेश नाही. एफएफएमपेग आपल्या प्रगतीची ओळ सतत एसटीडीईआरआरवर, म्हणजे संदेशांसाठीच्या वेगळ्या वाटेवर, लिहीत असतं. तुमच्या स्क्रिप्टने तो पाइप उघडला पण वाचला नाही, तर लिनक्सवर ६४ केबीचा बफर भरतो, एफएफएमपेग पुढची ओळ लिहायला थांबतं, आणि थांबलेलंच राहतं. ‘नोस्टॅट्स’ द्या, लॉगची पातळी ‘एरर’वर आणा, आणि एसटीडीईआरआर फाइलकडे वळवा. ‘नोस्टडिन’ही द्या. नाहीतर शेलच्या लूपमध्ये एफएफएमपेग यादीतली पुढची नावं स्वतःच गिळतं आणि एखाद-दुसरी फाइल होऊन लूप संपतो. हे रात्रीच्या तुमच्या कामालाही लागू आहे.

श्रोत्याने टॅब बंद केला तर एफएफएमपेगही मारायला हवं. पीएचपीला जोडणी तुटल्याचं पुढचा बाइट पाठवायला गेल्यावरच कळतं, म्हणून प्रत्येक तुकडा पाठवल्यावर तपासा आणि प्रक्रिया संपवा. टॉप (चालू प्रक्रियांची यादी दाखवणारी आज्ञा) उघडून बघा, तुमच्या सर्व्हरवर आत्ताही काल रात्रीची अशी बेवारस एफएफएमपेग चालू असतील. पुढे एनजिनएक्स प्रॉक्सी असेल तर त्या उत्तरापुरतं बफरिंग बंद करा, नाहीतर प्रवाह त्याच्याकडे साठत राहतो. त्यासाठी ‘एक्स-ॲक्सेल-बफरिंग’ हेडरमध्ये ‘नो’ पाठवलं की पुरतं.

कामाला सुरुवात एकाच व्याख्यानापासून करा. शक्यतो सगळ्यांत खराब डीव्हीडी निवडा. ती रूपांतरित करून, चढवून, कर्लने तपासून, एका आयफोनवर आणि एका जुन्या अँड्रॉइडवर पट्टी मागेपुढे करून पाहा. ते जमलं की बाकीच्यांची यादी रात्री लावा. मूळ व्हीओबी आणि एमटीएस मात्र पुसू नका, एमपी४ कितीही चांगलं दिसलं तरी. काही वर्षांनी एव्ही१ सगळीकडे चालायला लागेल, किंवा डीइंटरलेसिंगची याहून चांगली साधनं येतील, तेव्हा तुम्हाला पुन्हा मूळ प्रतीकडेच जावं लागेल. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, त्यातली एक वाचनालयाच्या इमारतीबाहेर, आणि प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइल बदललेली नाही ना, ते तपासण्याचा आकडा) एका मजकूर-फाइलमध्ये लिहून दोन्हीकडे ठेवा. डीव्हीडी स्वतः जपून ठेवल्या तरी त्यांच्यावर विसंबू नका. घरी लिहिलेल्या (बर्न केलेल्या) डिस्कचा थर हळूहळू निकामी होतो, आणि ज्या अजून वाचता येताहेत त्या याच महिन्यात उतरवून घ्या.